रॅमने पाडलेला उजेड

वेग ही फार गैरसोयीची खरेदी आहे. भरपूर पैसे मोजून घरी आणायचा आणि आल्यागेल्याला दाखवता मात्र येत नाही. सोफा दाखवता येतो, फ्रीज उघडून दाखवता येतो, मुलीची गुणपत्रिका तर कुणी न मागताही दाखवता येते. पण ‘आमची नवी रॅम सेकंदाला ६०० कोटी वेळा माहितीची ने-आण करते’ असं सांगून पाहा. समोरचा ‘हो का?’ म्हणतो आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचायला लागतो. रॅम विकणाऱ्या कंपन्यांनी मनुष्यस्वभावातली ही पंचाईत ओळखली आणि रॅमलाच दिवे लावले. वेग दिसत नाही तर नाही, निदान उजेड तरी पडावा.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सची एक्सेल फाइल उघडायला सांगून मी चहा टाकायचो, चहा पिऊन कप विसळायचो आणि परत येऊन बघायचो, तर पडद्यावरचं ते गोल चक्र तसंच फिरत असायचं. तेवढ्या अवधीत एखादा थकबाकीदार फ्लॅट विकून ठाण्याला राहायला जाऊ शकला असता. एका रविवारी इंजिनिअर भाच्याने माझ्याबरोबर बसून ते चक्र मन लावून पाहिलं आणि निदान केलं, “मामा, रॅम कमी आहे. जी आहे ती जुनी आहे. आणि ती ज्यात बसलीय तो मदरबोर्ड तिच्याहून जुना आहे.” थोडक्यात, माउसपॅड सोडून सगळं बदलायचं होतं.

खरेदीआधी परीक्षणं पाहावीत असा शिरस्ता आहे, म्हणून आम्ही रात्री जेवून परीक्षणाचे व्हिडिओ लावले. या परीक्षणांची एक ठरलेली घडी असते. आधी खोका. खोक्याचा पुठ्ठा, त्यावरची छपाई, तो उघडताना येणारा आवाज. मग रॅमची पट्टी बाहेर काढून कॅमेऱ्यापुढे सावकाश फिरवायची आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला ‘प्रीमियम फील’ आहे, असं दाढी कुरवाळत सांगायचं. रॅम एकदा बसवली की तिला जन्मात पुन्हा कुणी हात लावत नाही. मग तिच्या स्पर्शाचं एवढं कौतुक कुणासाठी, हा प्रश्न घरात फक्त मला पडला. त्यानंतर दिवे. दिव्यांना वेळेची मर्यादा नाही. इंद्रधनुष्य, लाट, धूमकेतू, श्वासोच्छ्वास. रॅम श्वास घेते हे मला त्या रात्री कळलं. अगदी शेवटी, घाईघाईने, वेगाचे आलेख येतात. त्यात चार कंपन्यांच्या चार आडव्या रेघा जवळजवळ एकाच लांबीच्या असतात आणि परीक्षक म्हणतो, “फरक फारसा नाहीये, पण दिसायला ही कमाल आहे!”

भाचा आकड्यांचा माणूस. त्याने व्हिडिओ थांबवून विजेच्या बिलाच्या मागे गणित मांडलं. रॅमच्या खोक्यावर दोन आकडे असतात, ६००० आणि सीएल ३०. दुसऱ्याला २०००ने गुणायचं, पहिल्याने भागायचं. उत्तर आलं १०. म्हणजे मागितलेली माहिती हलायला लागेपर्यंत १० नॅनोसेकंद. सेकंदाचा दहा कोटीवा भाग! मी भारावलो. मग त्याने आधीच्या पिढीतल्या डीडीआर४चं गणित केलं. ३२००, सीएल १६. उत्तर १०. मग वीसेक वर्षांपूर्वीच्या पहिल्या डीडीआरच्या उत्तम पट्टीचं. ४००, सीएल २. उत्तर १०.

“म्हणजे वीस वर्षांत काहीच झालं नाही?”

“झालं की. एकदा यायला लागली की माहिती पंधरापट येते. तेव्हाची पट्टी सेकंदाला ३.२ जीबी द्यायची, ही ४८ देते. फक्त सुरुवात व्हायला तेवढाच वेळ लागतो.”

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसणाऱ्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे आणि ते मुंबईत फक्त पाटीलाच माहीत आहे. दुकानात रॅमचा भाव विचारला, तर दुकानदाराने आधी कुणाला तरी फोन लावला.

“सकाळचा भाव सांगू की आत्ताचा?”

दोन्हींत फरक होता. कारणही त्याने तोंडपाठ सांगितलं. रॅमवर नाव कुणाचंही असो, आतली चिप बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन या तिघांपैकीच कुणाची तरी असते. आणि हे तिघे आता एआयच्या डेटा सेंटरांना माल देण्यात गुंतलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपला ‘क्रूशल’ हा साध्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड आवरता घेत असल्याचं जाहीरच करून टाकलं. “एआय सगळी रॅम खाऊन बसला साहेब,” दुकानदार म्हणाला. मी एआयला महिन्यापूर्वी एकदा उपवासाच्या इडलीची कृती विचारली होती. त्याची किंमत अशी वसूल होईल असं वाटलं नव्हतं.

मीही काही अगदीच अडाणी नाही हे कळावं म्हणून मी म्हटलं, “तुम्ही ६००० मेगाहर्ट्झ लिहिलंय, पण खरं घड्याळ ३०००चंच असतं. एका ठोक्याला दोनदा काम करतं म्हणून ६०००.”

त्याने मला नीट न्याहाळलं. “तीन हजारवाली पण आहे. जुनी. देऊ का?”

मी गप्प बसलो. मग त्याने साधी काळी पट्टी आणि दिव्यांची पट्टी शेजारी शेजारी ठेवल्या. चिपच इतकी महाग झालीय की तिच्यापुढे दिवे जवळजवळ फुकट पडतात, हे त्याचं अर्थशास्त्र. माझ्या एक्सेलला दिवे कशाला हवेत, हे माझं. त्यावर वाद न घालता त्याने कोपऱ्यातल्या नमुन्याच्या कॅबिनेटचं बटण दाबलं. काचेआड निळी लाट उठली, ती जांभळी झाली, जांभळीची गुलाबी होऊन पुन्हा निळ्यात विरली. दुकानातली चारही गिऱ्हाइकं आपलं बोलणं सोडून तिकडे बघत राहिली.

“हीच द्या,” मी म्हटलं. भाच्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दिव्यांची रॅम साध्या रॅमपेक्षा उंच असते, हे घरी आल्यावर कळलं. व्हिडिओतल्या गृहस्थांनी स्पर्शाचं सगळं सांगितलं होतं, उंचीचं नव्हतं. प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा नेमका रॅमच्या डोक्यावर येत होता. पंखा वर सरकवला तर रॅम बसली, पण कॅबिनेटची काच लागेना. काच लावायची तर पंखा खाली हवा, पंखा खाली घ्यायचा तर रॅम बाहेर. या तिढ्यात दुपार गेली. शेवटी भाच्याने पंखा कूलरच्या मागच्या बाजूला लावला आणि “हवेला काय, दोन्हीकडून सारखंच,” असं काहीतरी शास्त्रीय बोलला.

बटण दाबलं. पंखे घुमले, दिवे झळाळले, पडदा मात्र काळाच राहिला. मिनिट गेलं, आणखी मिनिट गेलं. आई जपमाळ घेऊन खुर्चीत बसली.

“काही नाही, मेमरी ट्रेनिंग चाललंय,” भाचा म्हणाला. “डीडीआर५ पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड तिचं सगळं तपासून, जुळवून घेतो. वेळ लागतो.”

“ट्रेनिंग आपल्या घरी?” आई म्हणाली. “एवढे पैसे घेतलेत, तर कंपनीतून शिकवून पाठवायला काय झालं?”

शिकून झाल्यावर पडदा उजळला. मग माझं लक्ष मोकळ्या खाचांकडे गेलं. रॅमसाठी खाचा चार असतात. दोन पट्ट्या असल्या की दुसरी आणि चौथी भरायची. उरलेल्या दोन काचेतून फारच केविलवाण्या दिसत होत्या. आणखी दोन पट्ट्या आणू म्हटलं, तर भाचा म्हणाला की चार लावल्यावर वेग उतरतो; एएमडीच्या ज्या रायझन ७००० मालिकेतला आमचा प्रोसेसर, तिला चार पट्ट्या लावल्या तर कंपनी फक्त ३६००चाच शब्द देते. जास्त पैसे, जास्त रॅम आणि कमी वेग! मग खाचा बुजवायच्या कशा? यावर माझ्याआधीच कुणीतरी डोकं चालवून ठेवलेलं निघालं. २०१८ साली कॉर्सेअरने चक्क अशा पट्ट्या विकायला काढल्या की ज्यांत मेमरी नाहीच, नुसते दिवे. त्याच वर्षी गिगाबाइटने दोन खऱ्या पट्ट्यांसोबत दोन पोकळ पट्ट्या एकाच खोक्यात घातल्या. त्यांनी करायचं काहीच नाही. रांगेत बसायचं, वेळेवर उजळायचं आणि बाकीच्यांबरोबर रंग बदलायचा. भाच्याला हा प्रकार हास्यास्पद वाटला. मी उभी हयात सरकारी कचेरीत काढली आहे, मला नवल वाटलं नाही. आमच्या विभागात चार टेबलं होती, त्यातली दोन काम करायची आणि साहेब आले की जास्त उजळायची ती उरलेली. मी त्यातल्या कुठल्या टेबलावर होतो हे भाच्याने विचारलं, तेव्हा मी त्याला चहा हवा का ते विचारलं.

खरा घोळ पुढेच होता. कॅबिनेटची काच डाव्या बाजूला असते. आमच्या हॉलमध्ये टेबलाच्या डाव्या हाताला भिंत आहे आणि कॉम्प्युटर नेहमी त्या भिंतीलगत असतो. म्हणजे ती सगळी आतषबाजी भिंतीला दिसत होती, आणि आमच्या वाट्याला पत्रा. कॉम्प्युटर उजवीकडे ठेवावा तर तिथे दिवाण. दिवाण खिडकीखाली न्यावा तर तिथे टीव्हीचं शोकेस. शोकेस समोरच्या भिंतीला लावलं तर टीव्ही बघायला सगळ्यांनी पॅसेजमध्ये बसावं लागेल. शेजारच्यांनी येऊन भिंतीला आरसा लावायचा तोडगा सुचवला. हिने तो हसण्यावारी नेला नाही. आरशाचा आकारही सांगितला. पण मी ठाम राहिलो आणि एका रविवारी आमचं घर रॅमच्या सोयीने मांडलं गेलं. दिवाण शोकेसच्या जागी, शोकेस दाराआड, आणि दार आता अर्धंच उघडतं. जाड पाहुणे आडवे होऊन आत येतात, पण आल्या आल्या त्यांची नजर बरोबर रॅमवर पडते.

पडली नजर, तर पट्ट्यांचे रंग वेगळे. एक जांभळी, दुसरी हिरवी. त्याचं असं होतं की दिव्यांचा कारभार बघायला रॅमच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर आणि मदरबोर्डच्या कंपनीचं दुसरं, आणि दोघांनाही वाटतं की दिवे आपले. एकाने जांभळा हुकूम सोडला की दुसरं तो हिरवा करून टाकतं. भाच्याने दोघांत समेट घडवायला तिसरं सॉफ्टवेअर घातलं. त्याने दोघांनाही न विचारता सगळं लाल केलं. शिवाय ही तिन्ही सॉफ्टवेअरं चालायला मेमरी लागते, काही शे एमबी. ती कुठून येणार? रॅममधूनच. म्हणजे रॅम घेतली, तिला दिवे घेतले, दिव्यांना कारभारी नेमले आणि ते कारभारी रॅममध्येच राहायला आले. यावर भाच्याचं म्हणणं, “तेवढं चालतं मामा, आपल्याकडे ३२ जीबी आहे.” वाढीव एफएसआय मिळाल्यावर आमचा बिल्डरही हेच म्हणाला होता.

त्या रात्री कॉम्प्युटर झोपवून मी झोपलो. मध्यरात्री आई पाणी प्यायला उठली आणि तिने मला हलवून उठवलं. “अरे, हॉलमध्ये निळं काहीतरी श्वास घेतंय.” जाऊन बघतो तर पडदा बंद, पंखे बंद, आणि रॅम एकटी जागी. भाच्याला फोन केला. तोही जागाच होता, त्या पिढीत झोपायची पद्धत नाही. त्याने खुलासा केला की रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ साली या रचनेचं पेटंट घेतलं, तेव्हापासून गळती चालूच आहे. गळती म्हटल्यावर माझ्यातला खजिनदार खडबडून जागा झाला. “त्यावर उपाय काय केला?” तर उपाय एकच, सारखं पुन्हा पुन्हा भरत राहणं, डीडीआर५मध्ये सेकंदाला तीसेक वेळा. नाही भरलं तर ती सगळं विसरते. म्हणून कॉम्प्युटर झोपला तरी रॅमची वीज तोडता येत नाही, आणि त्याच विजेवर दिवेही चालतात. छप्पन्न फ्लॅट्सची वसुली करणाऱ्या माणसाला ‘सारखं आठवण करून देत राहणं’ हा उपाय पटायला वेळ लागला नाही.

आईला मी इतकंच सांगितलं की हा निळा दिवा साधासुधा नाही. लाल आणि हिरवा एलईडी बऱ्याच आधीपासून होते, निळा मात्र दशकानुदशकं कुणाला जमत नव्हता. तो जमवल्याबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. तो जमला नसता तर रॅमला इंद्रधनुष्य कधी लावताच आलं नसतं.

“मग त्यांनाच दे,” आई म्हणाली आणि कॅबिनेटवर तिची जुनी शाल टाकून झोपायला गेली.

दिवसा मात्र मी सगळ्यांना कॉम्प्युटरचा वेग दाखवत होतो. फाइल उघडली रे उघडली की “बघा, ६०००!” म्हणायचो. सोसायटीच्या बैठकीतही मी हा आकडा इतिवृत्तात नोंदवून घेतला. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर दोनदा येऊन बघून गेले. मग भाचा पुन्हा आला आणि त्याने टास्क मॅनेजर उघडला. तिथे लिहिलं होतं ४८००.

“मामा, एक्स्पो चालूच केलेलं नाही.” एक्स्पो म्हणजे काय, तर खोक्यावरचा वेग खरोखर मिळावा म्हणून बायोसमध्ये जाऊन चालू करायचा पर्याय. इंटेलवाल्यांकडे त्यालाच एक्सएमपी म्हणतात. तोपर्यंत रॅम आपल्या सरकारी मानकाप्रमाणे सावकाश चालते. म्हणजे इतके दिवस मी ४८००लाच ओवाळत होतो.

“मग कर चालू,” मी म्हटलं. तो खुर्चीत बसला, त्याने माउस इकडेतिकडे फिरवला आणि मला जागा दिली. मी फाइल उघडली आणि टेबलावर थाप मारली. “हा! आता जाणवला फरक!”

“मी अजून काही केलेलं नाही. रीस्टार्ट करावं लागतं.”

भाच्याच्या अंगात मग शास्त्रज्ञ संचारला. घरातल्यांची परीक्षा घ्यायची त्याने ठरवलं, म्हणजे रॅमची. पण झाली ती घरातल्यांचीच. कधी वेग ६०००, कधी ४८००. कधी दिवे चालू, कधी बंद. कुठलं काय आहे ते फक्त त्याला ठाऊक. परीक्षक म्हणून मी, ही, आई आणि तळमजल्यावरचे मॅनेजर. प्रत्येकाने आपापलं काम करून दहापैकी गुण द्यायचे.

वेग पुरा आणि दिवे बंद असताना हिने विचारलं, “अहो, जुना परत आणलात का?” आणि चार गुण दिले. वेग कमी आणि दिवे चालू असताना तिला “आता कसं झरझर चाललंय” असं वाटलं. आईची स्वतःची पद्धत होती. दिवे लाल असले की ती म्हणायची, “तापलाय, थोडं थांबा.” हिरवे असले की अभंगांचा व्हिडिओ तिला जास्त सुस्पष्ट ऐकू यायचा. मी अनुभवी माणूस असल्यामुळे डोळे मिटून नुसता वेग अजमावायचा प्रयत्न केला, पण डोळे मिटून एक्सेल दिसेना.

शेवटच्या फेरीत भाच्याने रॅमला हातही लावला नाही. वेग ४८००च ठेवला, फक्त दिव्यांची लाट दुप्पट जोराने पळवली. निळ्या-जांभळ्या लाटा काचेआड धावत सुटल्या. मॅनेजरसाहेबांनी आयुष्यात हजारो कर्जदारांना पारखून घेतलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला, पीपीएफचं पान उघडलं आणि निर्णय दिला, “हा खरा! दहापैकी दहा.”

निकाल ऐकून कुणीही हरलं नाही. ही म्हणाली, “तू घाईघाईत आकडे लिहिलेस.” मी म्हणालो, “चारच माणसं म्हणजे नमुना लहान आहे.” मॅनेजर म्हणाले, “कागदावर काहीही येऊ दे, मला जाणवलं ते जाणवलं.” भाच्याने एक्स्पो चालू करून दिलं, कॉम्प्युटर खरोखर ६०००वर गेला, आणि ते कुणालाच कळलं नाही. जाता जाता त्याने एवढं मात्र सांगितलं की १० नॅनोसेकंदांत उजेड साधारण ३ मीटर जातो. मी टेप लावून पाहिलं. टेबलापासून स्वयंपाकघराचं दार जवळजवळ तेवढंच आहे. रॅमचा जांभळा उजेड हिच्या ओट्याच्या तोंडाशी पोचतो तोवर रॅममधली माहितीही जागची हलते. शर्यत बरोबरीत सुटते. दिसतो मात्र एकटा उजेड, त्याला काय करणार.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी जिन्यात गाठलं. त्यांनीही दिव्यांची रॅम बसवून घेतली होती. मी बघायला गेलो. त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे जुन्या चालीचा चारी बाजूंनी पत्र्याचा डबा, तोही टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात आणि त्या कप्प्याला दार.

“अहो, पण दिवे दिसतात कुठे?”

“दिसायला कशाला हवेत?” ते म्हणाले. “आत चालू आहेत ना, तेवढं पुरे. आता गंमत बघा.” त्यांनी फाइल उघडली. मी बघतच राहिलो. माझ्यापेक्षा लवकर उघडली.

मी आवाज खाली आणून विचारलं, “लाट कितीवर ठेवलीय?”